आधी शब्द, मग दणका

भिंतीवर ५५ इंची टीव्ही लागला की काही दिवस चित्राचं कौतुक चालतं, आणि मग घरातलं कुणीतरी रिमोट उचलून विचारतं, "काय म्हणाला तो?" टीव्ही पातळ होत गेले तशी त्यांच्यातली स्पीकरची जागा संपत गेली. आज बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा टीव्ही युनिटच्या फळीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. या प्रवासात सर्वांत आधी झिजतात ती व्यंजनं. स, श, त, ट, क यांचा ध्वनी वरच्या पट्टीतला आणि मुळात नाजूक असतो, आणि शब्द ओळखायला नेमकी त्यांचीच गरज असते. म्हणून आपल्याच भाषेतला सिनेमा सबटायटल लावून बघायची वेळ येते.

होम थिएटरचा विचार इथून सुरू होतो. दुकानात गेलं की मात्र पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा पाहिजे?" आणि डेमोला लावलं जातं स्फोटांचं दृश्य. सबवूफरचा दणका छातीत जाणवतो, मन भरतं, आणि सहा खोकी घरी येतात. मग कळतं की दणका आहे, पण संवाद अजूनही नीट ऐकू येत नाही. माझं म्हणणं असं की पहिलं होम थिएटर निवडताना कसोटी संवादाची लावावी. कुजबुज असो की आरडाओरडा, सोफ्यावरच्या प्रत्येक जागेवरून शब्द कान न ताणता कळतो का, हे आधी पाहावं. स्पीकर कोणते, त्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर कोणता, पैसा कुठे घालायचा, हे सगळं त्यावरून ठरवता येतं.

दुकानदार ज्याला फाइव्ह पॉइंट वन म्हणतो ती रचना सिनेमागृहातून घरात आली. १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटाच्या ७० मिलिमीटर प्रतींत मागचा आवाज डावा आणि उजवा असा वेगळा केला होता. पुढे १९८७ मध्ये टॉमलिन्सन होलमन या ध्वनितज्ज्ञाने अशा रचनेला ५.१ हे नाव सुचवलं. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल सिनेमागृहात आलं आणि हा आकडा रूढ झाला. समोर डावा, मधला आणि उजवा, प्रेक्षकाच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे सराउंड, हे पाच. 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खालच्या, साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या ध्वनीसाठी राखलेला, सबवूफरचा मार्ग. त्याला पूर्ण पट्टी लागत नाही म्हणून तो अपूर्णांकात मोजतात.

या पाचांत घरच्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत कष्टाचं काम मधल्याकडे, म्हणजे सेंटरकडे असतं. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद त्यातूनच येतात. काही जण म्हणतात, डावा-उजवा चांगला घेतला की मधला आवाज आपोआप तयार होतो. बरोबर मध्यावर बसलेल्या एका माणसापुरतं ते खरं आहे. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला मात्र जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि कान जो आवाज आधी येतो त्यालाच उगमस्थान मानतो. परिणामी नायिका पडद्याच्या मध्यावर उभी असते आणि बोलते मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून. एकटा माणूस बघणार असेल तर सेंटरशिवाय चालेल. घरात चौघं-पाचजण एकत्र बसत असतील तर सेंटर आधी घ्यावा.

आपल्याकडच्या सिनेमांसाठी तर हे जास्तच लागू आहे. पूर्वी बहुतेक हिंदी-मराठी चित्रपटांचे संवाद नंतर डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रित व्हायचे. ते कोरडे, स्वच्छ आणि मोठे असायचे. आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' २००१ मध्ये आला तो सिंक साउंडमध्ये, म्हणजे भुजजवळच्या चित्रीकरणस्थळीच संवाद टिपून. त्यानंतर ही पद्धत पसरत गेली. अशा संवादात माणसाचा श्वास, कपड्यांची सळसळ, अंगणातला वारा हे सगळं शब्दाबरोबर येतं. ते ऐकण्यात मोठा आनंद आहे, पण सेंटर गढूळ असेल तर वारा आणि शब्द एकमेकांत मिसळून जातात.

सेंटर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तो समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेतला असावा. पात्र चालत डावीकडून उजवीकडे गेलं की त्याचा आवाज तीन स्पीकरमधून सरकतो, आणि मधेच आवाजाचा पोत बदलला तर कान लगेच दचकतो. दुसरी गोष्ट त्याच्या रचनेची. मधे वरच्या पट्टीचा छोटा ट्विटर आणि दोन्ही बाजूंना खालच्या-मधल्या पट्टीचा एकेक वूफर असा आडवा सेंटर सर्रास मिळतो. समोर बसलेल्याला तो ठीक वाजतो. बाजूला बसलेल्याच्या कानापासून मात्र दोन वूफरचं अंतर वेगवेगळं पडतं आणि मधल्या पट्टीतले काही ध्वनी एकमेकांना खोडतात. नेमकी ही पट्टी माणसाच्या आवाजाची असते. ट्विटर आणि मध्यम ध्वनीचा छोटा स्पीकर एकावर एक उभे असलेला सेंटर परवडत असेल तर तो घ्यावा. टीव्हीखाली जागा असेल तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा स्पीकर उभा ठेवणं हा त्याहून सोपा आणि माझ्या मते उत्तम उपाय आहे. दुकानं सुटा एक स्पीकर द्यायला नाखूष असतात, तरी विचारावं. शोकेसच्या खोल कप्प्यात सेंटर ढकलू नये. तो फळीच्या कडेपर्यंत पुढे आणावा आणि खाली असेल तर त्याचं तोंड किंचित वर, बसलेल्याच्या कानाकडे करावं.

आता हॉल. स्पीकर कितीही महाग असला तरी आपण ऐकतो तो स्पीकर आणि खोली यांचा मिळून आवाज. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला हॉल साधारण १० बाय १४ फुटांचा धरू. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर सिमेंटचा स्लॅब, एका बाजूला बाल्कनीची मोठी सरकती काच. अशा रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे धातूसारखी झणझण ऐकू आली तर प्रत्येक शब्दामागेही तीच झणझण येणार. त्यावर पहिला खर्च जाड पडद्याचा आणि सोफ्यापुढच्या जाड सतरंजीचा किंवा गालिच्याचा. पुस्तकांनी भरलेलं कपाट बाजूच्या भिंतीला असेल तर उत्तमच. हे सगळं एका मध्यम स्पीकरच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतं आणि संवादाला लगेच उपयोगी पडतं.

खालच्या ध्वनींचा खेळ वेगळा. ते गालिच्याला दाद देत नाहीत. हौदातलं पाणी एका लयीत ढकललं की ते काठांशी उंच चढतं आणि मधोमध जवळजवळ जागच्या जागी राहतं. खोलीतली हवाही तशीच वागते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १४ फुटांच्या, म्हणजे सव्वाचार मीटरच्या लांबीत सुमारे ४० हर्ट्झचा ध्वनी असा भिंतींमध्ये अडकतो, तर १० फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झचा. भिंतीला चिकटवलेल्या सोफ्यावर हे ध्वनी फुगून ऐकू येतात आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसे होतात. दुकानातला बेस आणि घरातला बेस यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो यामुळे. सोफा मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेता आला तर घ्यावा. बऱ्याच घरांत ते शक्य नसतं. तिथे सबवूफरची जागा नीट शोधून बरंच साधता येतं.

ती जागा शोधायची रीत थोडी विचित्र दिसते, पण खात्रीची आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, सारखी बेसची चाल असलेलं एखादं गाणं लावायचं आणि भिंतींच्या कडेने, कान जमिनीजवळ नेत, फिरत ऐकायचं. जिथे बेस एकसारखा आणि स्पष्ट वाटतो, एखादाच सूर घुमत नाही, ती सबवूफरची जागा. ध्वनी दोन्ही दिशांना सारख्याच नियमाने जातो, म्हणून ही युक्ती चालते. सबवूफर पडद्याजवळच हवा असं बंधन नाही, कारण साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला ओळखता येत नाही.

हा ८० चा आकडा स्पीकरच्या निवडीतही निर्णायक ठरतो. रिसीव्हर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काम सबवूफरकडे पाठवतो. मग समोर उंच टॉवर स्पीकर घेऊन मिळतं काय? टॉवरची जास्तीची उंची आणि वूफर मुख्यतः त्या खालच्या पट्टीसाठीच असतात. १० बाय १४ च्या हॉलमध्ये टॉवर न घेता पाच किंवा साडेसहा इंची वूफरचे चांगले बुकशेल्फ घ्यावेत आणि उरलेला पैसा सबवूफरमध्ये घालावा, असं मी ठामपणे सांगेन. सबवूफर स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला, दहा इंची पुरतो. बंद पेटीचा सब आटोपशीर आणि काटेकोर वाजतो. भोक असलेल्या पेटीचा तेवढ्याच पैशात खालच्या पट्टीत जास्त जोर देतो, पण जागा जास्त अडवतो. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर सबच्या पायांखाली जाड फोम किंवा रबर घालावा. त्याने पेटीचा थरकाप फरशीत कमी उतरतो. हवेतून जाणारा बेस मात्र त्याने अडत नाही, त्यासाठी रात्री आवाजच कमी ठेवावा लागतो.

चांगला स्पीकर ओळखायचा कसा? फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. त्याने पडद्याआड स्पीकर ठेवून, नाव आणि किंमत न कळू देता लोकांना ऐकवलं. समोरून सपाट, म्हणजे कुठलीच पट्टी न फुगवता-दाबता वाजणारा, आणि बाजूलाही तसाच सुरळीत वाजणारा स्पीकर बहुसंख्य श्रोत्यांनी पसंत केला. यातला 'बाजूलाही' हा शब्द घरासाठी फार मोलाचा आहे, कारण खोलीच्या भिंतींवरून परत येतो तो बाजूचाच आवाज. म्हणून दुकानात स्पीकर ऐकताना मध्यावरून उठून दोन्ही टोकांना बसून पाहावं. दोन जोड्यांची तुलना करायची तर आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच सरस वाटतो आणि दुकानात अनेकदा विक्री त्यावरच होते. ऐकवायला स्फोट नकोत. रोज ऐकतो त्या बातम्यांचा निवेदक, एखाद्या नाटकाचं ध्वनिमुद्रण, ओळखीच्या आवाजातलं भावगीत न्यावं. माणसाचा आवाज खोटा वाजला की ते ओळखायला कुणाला शिकावं लागत नाही.

आता वॅट. बाजारात काही पेट्यांवर पीएमपीओ म्हणून हजारो वॅटचे आकडे छापलेले दिसतात. पीएमपीओ मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे तो आकडा वाचूच नये. खरा हिशोब असा. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते, समजा ८६ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल. आपण ३ मीटरवर बसतो, तिथे साडेनऊ डेसिबल कमी होऊन साधारण ७६ उरतात. माणसांचं नेहमीचं बोलणं ६०-६५ डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे संवाद ऐकायला १ वॅटसुद्धा पुरा लागत नाही. वॅट लागतात ते अचानक येणाऱ्या शिखरांना. आवाज १० डेसिबलने वाढवायला दहापट वॅट लागतात, त्यामुळे ७६ वरून ९६ ला जायला १०० वॅट. आता रिसीव्हर १०० वरून २०० वॅटचा घेतला तर हाती येतात फक्त ३ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवतील इतके. तेच ३ डेसिबल ८६ ऐवजी ८९ संवेदनशीलतेचा स्पीकर घेऊन फुकट मिळतात. म्हणून वॅटच्या मागे धावून वरचा रिसीव्हर घेण्यात अर्थ नाही.

रिसीव्हरच्या माहितीपत्रकातही मेख असते. एकच चॅनल चालू, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, अशा अटींवर मोठा आकडा छापतात. दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, एक टक्क्याहून कितीतरी कमी विकृती, या ओळीतला आकडा शोधावा. तो ७०-८० वॅटचा असेल तर आपल्या हॉलला पुष्कळ झाला. स्पीकर ६ किंवा ८ ओहमचे घेतले की साध्या रिसीव्हरला ते झेपतात. ४ ओहमचे स्पीकर त्याच्याकडून जास्त वीजप्रवाह ओढतात आणि तो तापतो. तापण्यावरून आठवलं, रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात कधीही ठेवू नये. वर निदान चार-सहा इंच मोकळी जागा आणि मागे हवा हवीच, नाहीतर मे महिन्यात तो सिनेमाच्या मधेच बंद पडेल.

रिसीव्हरमध्ये मग बघायचं काय? एचडीएमआयला ईआर्क आहे का ते. टीव्हीतल्या अॅपचा आवाज एकाच केबलने रिसीव्हरकडे परत येतो तो या सोयीमुळे. टीव्ही जुना असून त्याला साधं आर्क असेल तरी बिघडत नाही, कारण ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस त्यातूनही जातो. ब्लू-रे प्लेअरसारखी उपकरणं सरळ रिसीव्हरलाच जोडावीत. दुसरी आणि माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट म्हणजे खोली मोजून आवाज दुरुस्त करणारी व्यवस्था. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, काही वरच्या रिसीव्हरांत डिरॅक. सोबत आलेला मायक्रोफोन कानाच्या उंचीवर वेगवेगळ्या जागी धरला की रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं अंतर, पातळी आणि खोलीने फुगवलेले ध्वनी मोजून त्यांचा बंदोबस्त करतो. आपल्या तंग हॉलांना ही मदत फार लागते. एकाच कंपनीच्या दोन रिसीव्हरांत जास्त वॅट की जास्त चांगली मोजणी असा पेच पडला तर मोजणी घ्यावी.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने रिसीव्हर आणायची तयारी दाखवली तर आधी मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज विचारावा. तिथले रिसीव्हर बहुधा १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला तर तो तिथेच संपला, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तरी इथे वॉरंटी नसते. परदेशातून आणायचेच असतील तर स्पीकर आणावेत. त्यांना व्होल्टेजची अडचण नसते, फक्त सामानाच्या वजनाची असते.

डोक्यावरून आवाज आणणारं डॉल्बी अॅटमॉस २०१२ मध्ये 'ब्रेव्ह'बरोबर सिनेमागृहात आणि २०१४ मध्ये घरात आलं. छताकडे तोंड करून आवाज वर फेकणारे स्पीकर मिळतात आणि आपला सपाट सिमेंटचा स्लॅब त्यांना मानवतोही. पण फॉल्स सीलिंगच्या पायऱ्या आणि लोंबते दिवे असतील तर त्या आवाजाची वाट लागते. पहिल्या खरेदीत अॅटमॉसचा हट्ट नको. सात चॅनलचा रिसीव्हर घेऊन ठेवावा. पीओपीचं काम निघेल तेव्हा छतात दोन स्पीकर बसवता येतील.

पैशाची वाटणी करताना एकूण रकमेचा तिसरा हिस्सा रिसीव्हरला, बाकी स्पीकर आणि सबवूफरला, असं मी करीन. रिसीव्हर दर काही वर्षांनी जुना ठरतो, चांगला स्पीकर वीस वर्षं वाजतो. रक्कम कमी पडली तर पाचही स्पीकर हलके घेण्यापेक्षा समोरचे तीन चांगले घ्यावेत, मग सब, आणि सराउंड वर्षभराने. सगळं एका खोक्यात येणारा संच टाळावा. त्यातल्या अनेकांचे प्लग त्यांच्यापुरतेच असतात, त्यामुळे एक भाग बदलायचा म्हटलं की सगळंच बदलावं लागतं. सराउंड पुढे येणार असले तरी घराला रंग किंवा फरशी होतानाच इलेक्ट्रिशियनकडून भिंतीत पाइप टाकून घ्यावा. वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायरही तशीच दिसते, म्हणून टोक खरवडून बघावं. हॉलएवढ्या अंतराला हजारो रुपयांच्या वायरीने कुठलाही फरक पडत नाही.

सगळं जोडून झालं की पंखा आणि एसी बंद करून, खिडक्या लावून मोजणी चालवावी, कारण मायक्रोफोनला पंख्याचा आवाजही ऐकू येतो. मोजणीनंतर सेटिंगमध्ये डोकावावं. स्पीकर 'लार्ज' दाखवत असतील तर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झ लावावं. पुष्कळदा रिसीव्हर इथे चुकतो आणि बुकशेल्फवर नको तो भार टाकतो. मग पंखा पुन्हा सुरू करून, कारण बघताना तो चालूच असणार, हळू बोलण्याचा एखादा प्रसंग लावावा. वयाबरोबर वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होत जातं. म्हणून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोफ्याच्या टोकाच्या जागी बसवावं आणि ते पुरे म्हणेपर्यंत सेंटरची पातळी एकेक डेसिबलने वाढवत न्यावी.